व्होल्टेज दोन टोकांमध्ये, करंट तारेतून : चार सेल आणि एका मीटरवर विजेची सुरुवात

वीज शिकायला बसलेला माणूस बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडतो: ‘या तारेत किती व्होल्टेज आहे?’ हा प्रश्न अर्धवट आहे. व्होल्टेज तारेत नसते, दोन जागांच्या मध्ये असते. तारेतून जातो तो करंट. एवढा फरक हाताने मोजून पक्का केला की ओहमचे सूत्र पाठ करावे लागत नाही, मीटर जळत नाही आणि घरातला बिघाड शोधताना अंदाजाने पार्ट बदलत बसावे लागत नाही.

पुढचे सगळे प्रयोग चार पेन्सिल सेलवर, म्हणजे साधारण ६ व्होल्टवर आहेत. दहावीचा विद्यार्थी, नाशिकमधल्या सातपूरच्या आयटीआयला नुकता लागलेला मुलगा किंवा मळ्यातल्या मोटरच्या कटकटीला कंटाळलेला शेतकरी, कोणालाही दोन संध्याकाळी पुरतील. घरातल्या २३० व्होल्टवर यातले काहीही करायचे नाही. त्याचा हिशेब शेवटी आहे, पण तो कागदावरच करायचा.

सामान

नाशिकच्या महात्मा गांधी रोड परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा ऑनलाइन हे सगळे मिळते.

- डिजिटल मल्टिमीटर. ‘८३०’ मालिकेतले साधे मीटर दोन-तीनशे रुपयांत येते. शिकायला पुरते. पॅनेलवर, मोटरच्या स्टार्टरवर वापरण्याच्या लायकीचे ते नाही, अंगावर कितीही व्होल्ट छापलेले असोत.
- पेन्सिल सेल चार, नवे, एकाच कंपनीचे, साधे झिंक-कार्बनचे. अल्कलाइन महाग असतात आणि पाचव्या पायरीतली गंमत त्यांत कमी दिसते.
- चार सेलचा होल्डर, लाल-काळ्या वायरसह.
- ५ मिलिमीटरचे लाल एलईडी पाच. एखादा जळणार हे धरूनच चाला.
- पाव वॅटचे रेझिस्टर: २२० ओहम, ४७० ओहम, १ किलोओहम, १० किलोओहम, प्रत्येकी पाच.
- १० ओहम, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर एक. पांढरा, चौकोनी ठोकळा असतो.
- ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची भोकांची पाटी), दहा-बारा जंपर वायर आणि दोन्ही टोकांना क्लिप असलेल्या चार वायर.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घेऊ नका. आतले सहा छोटे सेल सुटे मोजता येत नाहीत आणि जरा लोड दिला की ती बसते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल तर अजिबात नकोत. ते शॉर्ट झाले की काही क्षणांत वायर लाल होते.

रेझिस्टरवरचे पट्टे: २२० ला लाल-लाल-तपकिरी, ४७० ला पिवळा-जांभळा-तपकिरी, १ किलोओहमला तपकिरी-काळा-लाल, १० किलोओहमला तपकिरी-काळा-नारिंगी. चौथा सोनेरी पट्टा म्हणजे किंमत ५ टक्के वर-खाली असू शकते. निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर पाच पट्टे असतात आणि दिव्याच्या उजेडात लाल-तपकिरी सारखेच दिसतात. पट्टे वाचण्यापेक्षा मीटर ओहमवर ठेवून मोजून घ्या.

पहिली पायरी: मीटरची तीन भोके

मीटरच्या टोकदार वायरना प्रोब म्हणतात. काळा प्रोब कायम ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात. लाल प्रोब मधल्या भोकात, जिथे व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअर एकत्र छापलेले असतात. तिसरे भोक १० अँपिअरचे. ते फक्त जास्त करंट मोजायला, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या वाटेवर बहुतेक वेळा फ्यूज नसतो.

चकतीवर व्होल्टचे दोन भाग असतात. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असे चिन्ह म्हणजे डीसी, सेलचे. नागमोडी रेघ म्हणजे एसी, घरातले. ‘२०’ वर चकतीचा काटा ठेवला याचा अर्थ २० व्होल्टपर्यंत मोजता येईल. त्यापेक्षा जास्त आले तर डाव्या कोपऱ्यात नुसता ‘१’ दिसतो. तो एक व्होल्ट नाही, ‘माझ्या आवाक्याबाहेर’ असा इशारा आहे. रेंज एक पायरी वर न्या.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: या मीटरवर एसी करंट मोजताच येत नाही. चकतीवरचे मिलिअँपिअर आणि १० अँपिअर दोन्ही फक्त डीसीचे. घरातला करंट मोजायला क्लॅम्प मीटर लागते, जे तार न कापता तिच्याभोवती अडकवतात.

दुसरी पायरी: व्होल्टेज मोजा

काटा डीसी २० वर. एकच सेल टेबलावर ठेवा. लाल प्रोब टोपीच्या टोकाला, काळा सपाट बुडाला. नवा सेल १.५५ ते १.६५ दाखवेल. प्रोब उलटे करा: तोच आकडा, पुढे उणे चिन्ह. आता दोन्ही प्रोब टोपीलाच लावा: शून्य. त्या टोकाला ‘दीड व्होल्ट’ असे काही चिकटलेले नाही. दीड व्होल्ट आहेत ते टोपी आणि बूड यांच्या मध्ये.

मग चारही सेल होल्डरमध्ये बसवा. काळा प्रोब होल्डरच्या काळ्या वायरला क्लिपने अडकवून ठेवा आणि लाल प्रोब एकेका सेलच्या वरच्या टोकाला नेत जा. १.५५, ३.१०, ४.६५, ६.२० अशी चढण दिसेल. आता काळा प्रोब दुसऱ्या सेलच्या टोपीवर न्या आणि लाल तिसऱ्याच्या टोपीवर: पुन्हा १.५५. जागा त्याच, पण कोणापासून मोजले त्यावर आकडा ठरतो. लोक ‘या तारेत २३० आहे’ म्हणतात, तेव्हा न्यूट्रलपासून किंवा जमिनीपासून एवढे गृहीत धरलेले असते.

एक सेल मुद्दाम उलटा घाला आणि एकूण मोजा. ४.६५ येईल असे वाटते. येते ३.१०. उलटा सेल स्वतःचे दीड तर देतच नाही, दुसऱ्या एका सेलचे दीड खाऊनही टाकतो. टॉर्च मंद का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा इथे असते. मोजून झाले की सेल लगेच सरळ करा. उलटा ठेवून लोड दिला तर तो गळतो.

या पायरीतला शेवटचा प्रयोग चुकवू नका. दोन सुटे सेल एकमेकांना न चिकटवता ठेवा. काळा प्रोब एकाच्या बुडाला, लाल दुसऱ्याच्या टोपीला. मीटर शून्याच्या आसपास राहील. दोघांमध्ये जोडणीच नाही, त्यामुळे एकाची टोपी दुसऱ्याच्या बुडापेक्षा किती ‘वर’ हे ठरतच नाही. दोन्ही मध्ये एका वायरने जोडले की लगेच ३.१ येते. तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही ते याचमुळे: त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन पायांमधले व्होल्टेज जवळपास शून्य.

तिसरी पायरी: करंट वाहू द्या, मग मोजा

ब्रेडबोर्डवर होल्डरची लाल वायर → ४७० ओहम → एलईडीचा लांब पाय, आणि एलईडीचा आखूड पाय → काळी वायर. एलईडी लागेल. न लागल्यास आधी त्याचे पाय उलटे करून पाहा. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या पट्ट्या काही वेळा मधोमध तुटक असतात, रंगीत रेघ मध्येच खंडित दिसते. वायर एकीकडे आणि एलईडी दुसरीकडे असेल तर काहीच होणार नाही.

रेझिस्टरशिवाय एलईडी थेट सहा व्होल्टवर लावू नका. लाल एलईडी स्वतःवर २ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. उरलेल्या चार व्होल्टना अडवायला कोणी नसेल तर करंट बेसुमार वाढतो आणि एलईडी क्षणभर भगभगून संपतो. त्याची मर्यादा २० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा पन्नासावा भाग.

मोजण्याआधी हिशेब करा. सेलचे ६.२, त्यातले २.० एलईडीवर, उरले ४.२. करंट म्हणजे उरलेले व्होल्टेज भागिले रोध (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये). हेच ओहमचे सूत्र: ४.२ ÷ ४७० = ०.००८९ अँपिअर, म्हणजे ८.९ मिलिअँपिअर.

आता मीटर. इथेच सगळ्यात जास्त फ्यूज उडतात, म्हणून क्रम पाळा:

१. होल्डरमधून एक सेल काढा.
२. काटा डीसी मिलिअँपिअरच्या २०० वर.
३. सर्किट एका जागी सोडवा. रेझिस्टर आणि एलईडी यांच्यातली जोडणी काढा आणि त्या फटीत मीटर बसवा: लाल प्रोब रेझिस्टरकडे, काळा एलईडीकडे.
४. सेल परत घाला. आकडा २० च्या आत दिसला तर काटा २० मिलिअँपिअरवर आणा, जास्त बारीक वाचता येते.
५. मोजून झाले की मीटर काढण्याआधी सेल काढा आणि काटा लगेच व्होल्टवर परत न्या.

आकडा ८.७ च्या आसपास येईल, हिशेबापेक्षा किंचित कमी. चूक तुमची नाही. २० मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटर स्वतः सुमारे १० ओहमचा अडथळा घालते. ४७० चे ४८० झाले. मोजायला गेलेले साधन मोजमाप थोडे बदलतेच, फक्त किती ते माहीत असावे.

क्रमातली पाचवी ओळ का महत्त्वाची? करंटवर ठेवलेले मीटर म्हणजे जवळजवळ नुसता वायरचा तुकडा. व्होल्टवर असताना त्याच मीटरचा रोध दहा लाख ओहम असतो. करंटवर ठेवलेले मीटर सेलच्या दोन टोकांना थेट लावले की शॉर्ट झाले आणि आतला फ्यूज गेला. १० अँपिअरच्या भोकात प्रोब ठेवून मोटारसायकलच्या बॅटरीला लावले तर फ्यूजही नाही, प्रोबची वायरच वितळते. व्होल्टेज मोजताना मीटर दोन टोकांवर आडवे लावायचे, करंट मोजताना वाटेत उभे करायचे.

आता खरा प्रयोग. मीटर रेझिस्टरच्या आधी लावा, मग मधे, मग एलईडीच्या नंतर, काळ्या वायरजवळ. तिन्ही ठिकाणी ८.७. बहुतेकांना आतून वाटत असते की रेझिस्टर थोडा करंट खातो, एलईडी थोडा खातो आणि उरलेला परत जातो. तसे काहीच होत नाही. जेवढा निघाला तेवढाच परत येतो. वाटेत खर्च होते ते व्होल्टेज. घरात बसवलेला आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, याच गोष्टीवर चालतो: फेजने गेलेला आणि न्यूट्रलने आलेला करंट सारखा असायलाच हवा, फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने, कदाचित कोणाच्या अंगातून, जमिनीत जातो आहे.

जाता जाता: १ अँपिअर म्हणजे दर सेकंदाला ६२४ वर १६ शून्ये इतके इलेक्ट्रॉन एका जागेवरून पुढे जातात. तरी ते पळत नसतात. घरातल्या १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर डीसी असेल तर इलेक्ट्रॉनला एक मीटर सरकायला पाच तासांहून जास्त लागतात. दिवा लगेच लागतो कारण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉननी भरलेली असते आणि ढकलण्याचा परिणाम प्रचंड वेगाने पोहोचतो.

चौथी पायरी: व्होल्टेज कुठे गेले ते शोधा

सर्किट पुन्हा जोडा, काटा डीसी २० व्होल्टवर. रेझिस्टरच्या दोन पायांवर: ४.२ च्या आसपास. एलईडीच्या दोन पायांवर: २.०. सेलवर: ६.२. बेरीज जमते. दरवेळी जमते, नाही जमली तर कुठेतरी ढिला संपर्क आहे आणि उरलेले व्होल्टेज तिथे बसले आहे.

आता एलईडी उपटून काढा. रेझिस्टरवर मोजा: शून्य. करंटच नाही, तर रेझिस्टरवर काही पडायचे कारण नाही. मग एलईडीचे पाय जिथे होते त्या दोन जागांमध्ये मोजा: पूर्ण ६.२. तुटलेल्या जागी सगळे व्होल्टेज येऊन उभे राहते. चालू, चांगल्या जोडणीच्या दोन्ही बाजूंना प्रोब लावला तर जवळपास शून्य यायला हवे. सर्किट चालू असायला हवे आणि एखाद्या जोडणीवर, स्विचवर किंवा फ्यूजवर पूर्ण व्होल्टेज दिसत असेल तर ते तिथेच तुटले आहे. टॉर्च असो, बाइकचा हॉर्न असो, ट्रॅक्टरची वायरिंग असो, बिघाड शोधण्याची ही एकच युक्ती नव्वद टक्के वेळा पुरते.

त्यानंतर रेझिस्टर बदलत जा. २२० वर साधारण १९ मिलिअँपिअर, ४७० वर ९ च्या जरा आत, १ किलोओहमवर ४.२, आणि १० किलोओहमवर ०.४ पेक्षा किंचित जास्त. शेवटच्या वेळी एलईडी फिका का होईना, लागलेलाच असतो, ते पाहून नवख्यांना आश्चर्य वाटते. सेल तेच, व्होल्टेज तेच, करंट मात्र पन्नासपटीच्या जवळपास बदलला. ‘सेल किती करंट देतो?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. किती करंट वाहील ते लावलेला लोड ठरवतो. मोबाइलचा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर जुन्या १ अँपिअरवाल्या फोनला लावल्याने फोन जळत नाही, तोही याचमुळे. ३ अँपिअर ही चार्जरची क्षमता आहे, सक्ती नाही.

दोन एलईडी लावायचे तर प्रत्येकाला स्वतंत्र ४७० ओहम द्या आणि दोन्ही जोड्या समांतर लावा. सेलकडून येणारा करंट दुप्पट होईल. एकाच रेझिस्टरवर दोन एलईडी समांतर लावले तर ज्याचे व्होल्टेज किंचित कमी तो जास्त करंट ओढतो आणि दुसरा मंद राहतो.

पाचवी पायरी: लोड आला की काय होते

सेल होल्डरला १० ओहमचा सिमेंट रेझिस्टर क्लिपने जोडा, व्होल्टवर ठेवलेले मीटर होल्डरच्या दोन वायरवर. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, रेझिस्टर हातात धरायचा नाही, टेबलावर प्लास्टिक नको. आकडा ६.२ वरून ५.२ च्या आसपास घसरेल. क्लिप काढली की पुन्हा वर जाईल.

एक व्होल्ट कुठे गेले? सेलच्या पोटात. करंट ५.२ ÷ १० = ०.५२ अँपिअर. तोच करंट सेलच्या आतूनही जातो आणि आत १.० ÷ ०.५२ म्हणजे सुमारे १.९ ओहमचा रोध आहे. तुमचे आकडे वेगळे येतील, पद्धत हीच. घड्याळातून काढलेला जुना सेल लोड न देता मोजला तर १.४ दाखवतो आणि माणूस म्हणतो, सेल तर चांगला आहे. त्याच्यावर लोड देऊन मोजा, ०.८ वर कोसळतो.

द्राक्षबागेला ठिबक असणाऱ्यांना हे लगेच पटेल. कुठूनच पाणी बाहेर पडत नसताना मेनलाइनला जेवढा दाब तेवढाच लॅटरलच्या टोकाला. पाणी सुरू झाले की टोकाचा दाब पडतो. नळी जितकी लांब आणि बारीक, तितका जास्त. दाबाच्या जागी व्होल्टेज, पाण्याच्या जागी करंट. फक्त एक ठिकाणी ही तुलना दगा देते: नळी कापली तर पाणी सांडते, तार कापली तर करंट सांडत नाही, थांबतो.

हाच हिशेब मळ्यात पैशांचा होतो. समजा घराजवळच्या मीटरपासून विहीर १५० मीटर आणि १ एचपीची सिंगल फेज मोटर ७ अँपिअर घेते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. जायचे १५० आणि यायचे १५०, मिळून ३०० मीटर: २.२२ ओहम. चालू मोटरला ७ × २.२२ = १५.५ व्होल्ट वाटेतच गेले; २३० चे २१४ उरले, चालून जाते. पण सुरू होताना मोटर पाचपट करंट मागते असे धरा: ३५ × २.२२ = जवळपास ७८ व्होल्ट. प्रत्यक्षात व्होल्टेज पडल्यावर करंटही थोडा घटतो, म्हणून आकडा जरा कमी येईल. तरीही मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही. दोष मोटरला दिला जातो, कपॅसिटर बदलला जातो, आणि खरे कारण केबलमध्ये असते. ६ चौरस मिलिमीटरच्या केबलला किलोमीटरला ३.०८ ओहम, सुरू होतानाची घट ३२ व्होल्टवर येते.

यात डीपीपासूनच व्होल्टेज कमी असेल तर आणखी वाईट. पाणी तेवढेच उचलायचे असल्याने भरल्या लोडची मोटर कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: करंट सव्वापट झाला तर उष्णता दीडपटीहून जास्त. लाइट डिम असताना मोटर जळते ती अशी. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावलेला असेल तर तो ट्रिप होऊन वाचवतो. सतत पडतो म्हणून त्याचा स्क्रू वर फिरवून ठेवणे म्हणजे वाइंडिंगवाल्याला आगाऊ ऑर्डर देणे.

वॅट

व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट. तेवढीच शक्ती कमी करंटमध्ये न्यायची असेल तर व्होल्टेज वाढवायचे. नाशिककरांना याचे उदाहरण रेल्वेत मिळते. पूर्वी मुंबईकडून इगतपुरीपर्यंत १,५०० व्होल्ट डीसी होते आणि तिथून पुढे मनमाड-भुसावळकडे २५,००० व्होल्ट एसी. इगतपुरीला इंजिन बदलावे लागे. समजा इंजिनाला ३,७५० किलोवॅट हवेत. १,५०० व्होल्टवर त्याला २,५०० अँपिअर लागतात, २५,००० वर साधारण १५०. तार बारीक चालते, सबस्टेशन लांब लांब चालतात. आता संपूर्ण मार्गावर २५,००० व्होल्टच आहे. एकलहऱ्याच्या केंद्रातून वीज उच्चदाबाच्या मनोऱ्यांवरून बाहेर पडते, त्यामागेही हेच गणित.

घरातल्या २३० चा हिशेब, कागदावर

९ वॅटचा एलईडी बल्ब: ९ ÷ २३०, सुमारे ०.०४ अँपिअर. १,००० वॅटची इस्त्री: ४.३. २,००० वॅटचा गिझर: ८.७. छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, मोठा १६ चा. गिझर ॲडॉप्टर लावून छोट्या सॉकेटवर चालवला तर ‘लाइट तर येतेय’ म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण त्या ढिल्या पिनेचा संपर्क अर्धा ओहम जरी झाला, तरी उष्णता करंटचा वर्ग गुणिले रोध: ८.७ × ८.७ × ०.५ = ३८ वॅट. साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते आणि त्याने शिसे वितळते. प्लग पिवळा पडणे, मग तपकिरी होणे, जळका वास, हा त्याचा प्रवास. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

शॉकचा हिशेबही असाच. इजा करतो तो शरीरातून गेलेला करंट, पण तो ढकलायला व्होल्टेज लागते. कोरड्या बोटांमध्ये हजारो ओहम असतात, म्हणून सहा व्होल्टचे सेल हाताळताना काही कळत नाही. ओले हात, अनवाणी पाय, पावसाळ्यातली ओली फरशी अशा वेळी शरीराचा रोध २,००० ओहम धरला तर २३० ÷ २,००० = ११५ मिलिअँपिअर. सुमारे १० मिलिअँपिअरपासून स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते. ५० ते १०० च्या घरात काही क्षणांत हृदयाची लय बिघडू शकते. १६ अँपिअरच्या एमसीबीला हे ११५ मिलिअँपिअर दिसतही नाहीत. तो तारेला वाचवतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग लागते. आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण अधूनमधून दाबा. तो पडायलाच हवा.

मीटर विचित्र वागते तेव्हा

करंट कायम शून्य, पण व्होल्टेज बरोबर दाखवते: आतला फ्यूज गेला आहे. मागचे स्क्रू काढा, काचेची छोटी नळी दिसेल. मूळ फ्यूजवर छापलेल्या अँपिअरचाच नवा घाला. चांदीचा कागद गुंडाळून काम भागवलेत तर पुढच्या वेळी मीटरच जाईल.

सगळ्या सेलचे व्होल्टेज अचानक चांगले, अगदी १.८ वगैरे यायला लागले: मीटरची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी संपत आली आहे. स्क्रीनवर बॅटरीचे चिन्ह शोधा.

प्रोब कशालाच न लावता आकडे नाचतात: मिलिव्होल्टच्या रेंजवर हे होतेच, दुर्लक्ष करा. ओहम मोजताना आकडा स्थिरावत नसेल तर रेझिस्टर सर्किटमध्येच आहे का ते पाहा. सेल काढून, निदान त्याचा एक पाय मोकळा करून मोजा. दोन्ही पाय बोटांनी धरून मोजलेत तर मोठ्या रेझिस्टरसोबत तुमचे शरीरही मोजले जाते: १० किलोओहमला फरक थोडा, १० लाख ओहमच्या रेझिस्टरला मात्र आकडा भलताच येतो.